ब्रिटनमध्ये पालक म्हणून मिळालेल्या परवानगीची मुदत उलटून गेली, तर काय करायचं

कामावरून एचआरचा मेल आला. कामाच्या परवानगीची नोंद तपासायची आहे, शेअर कोड (ती नोंद ऑनलाइन दाखवणारा क्रमांक) पाठवा. जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर यूकेव्हीआयचं, म्हणजे ब्रिटिश व्हिसा विभागाचं, खातं उघडायला गेले, तर ओटीपी जात होता माझ्या आधीच्या नवऱ्याच्या नंबरवर. खातं काढलं तेव्हा आमचा संसार सुरू होता. ईमेल त्याचा, नंबर त्याचा. दोन दिवस खटपट करून आत शिरले आणि तारीख दिसली. माझी परवानगी ४१ दिवसांपूर्वी संपली होती. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, जन्माने ब्रिटिश नागरिक. मी भारतीय पासपोर्टवर, त्याची आई म्हणून इथे राहायची परवानगी असलेली, म्हणजे तोवर असलेली.

पुढचे अकरा महिने कसे गेले ते सविस्तर सांगत नाही. त्या काळात जे शिकले तेच इथे लिहिते, कारण तेव्हा मला मराठीत नीट समजावणारं काही सापडलं नव्हतं. शिकवण एवढीच, की अर्ज तुमच्या नावाने असला तरी तो उभा राहतो मुलाच्या रोजच्या आयुष्यावर. ते आयुष्य कागदावर आणणं हे खरं काम. फॉर्म भरणं त्यापुढे सोपं आहे.

मी वकील नाही. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय कोणाला इमिग्रेशनचा वैयक्तिक सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून ही सर्वसाधारण माहिती समजा आणि मुदत उलटलेली असेल तर अर्ज पाठवण्यापूर्वी एकदा तरी सॉलिसिटरला किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असलेल्या सल्लागाराला दाखवा. जानेवारी २०२५ पर्यंत याच संस्थेचं नाव ओआयएससी होतं. सल्लागाराचं नाव तिच्या यादीत दोन मिनिटांत तपासता येतं.

खरी तारीख कोणती?

घाबरण्याआधी तारीख पक्की करा. पूर्वी प्लास्टिकचं बीआरपी, म्हणजे निवास परवान्याचं, कार्ड असायचं. अनेकांच्या कार्डावर ३१ डिसेंबर २०२४ छापलेलं होतं, पण परवानगी त्यापुढेही होती. कार्ड संपणं आणि परवानगी संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता सगळं ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर, आहे, त्यामुळे यूकेव्हीआय खात्यात दिसणारी तारीख आणि मंजुरीच्या पत्रातली तारीख, दोन्ही जुळवून पाहा.

त्याच बैठकीत खात्याचा ईमेल आणि फोन नंबर स्वतःचा करून घ्या. आपल्याकडे घरातले सरकारी व्यवहार एकानेच बघायची सवय असते आणि तो एक जण बहुतेक वेळा नवरा असतो. वेगळं झाल्यावर बँक आठवते, घरभाडं आठवतं, हे खातं आठवत नाही. मुदत संपत आली की होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, आपणहून कळवेल, या भरवशावर राहू नका.

किती दिवस झाले, यावर पुढचं सगळं ठरतं

मुदत अजून संपलेली नसेल, तर आजच अर्ज करा. मुदतीत केलेल्या अर्जाला १९७१ च्या इमिग्रेशन अॅक्टमधल्या कलम ३सी चं संरक्षण मिळतं. म्हणजे निर्णय येईपर्यंत जुनी परवानगी त्याच अटींवर चालू राहते, नोकरीसकट. शेवटच्या दिवशी रात्री पाठवलेला अर्जसुद्धा चालतो.

मुदत संपून १४ दिवसांच्या आत असाल, तर नियमांतली उशिराच्या माफीची तरतूद उपयोगी पडते. उशीर तुमच्या किंवा तुमच्या वकिलाच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल आणि ते कारण पुराव्यासह अर्जासोबत दिलं असेल, तर तेवढा उशीर माफ होऊ शकतो. रुग्णालयात दाखल असणं हे असं कारण आहे. तारीख विसरणं हे नाही. माफी मिळाली तरी ३सी चं संरक्षण मिळत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

१४ दिवसही उलटले असतील, तर तुम्ही माझ्या रांगेत आहात. इथे पालकांसाठीचा, कायम निवासाकडे नेणारा पाच वर्षांचा मार्ग बंद होतो, पण दहा वर्षांचा उघडा राहू शकतो. अपेंडिक्स एफएम या नियमावलीत ईएक्स.१ नावाचा परिच्छेद आहे. मूल १८ वर्षांखालचं असेल, यूकेमध्ये राहत असेल, ब्रिटिश नागरिक असेल किंवा अर्जाच्या दिवशी इथे सलग ७ वर्षं राहिलेलं असेल, तुमचं त्याच्याशी खरं आणि चालू पालकत्वाचं नातं असेल आणि त्या मुलाने देश सोडून जावं अशी अपेक्षा करणं वाजवी नसेल, तर ओव्हरस्टे, म्हणजे मुदत उलटून राहणं, असूनही परवानगी मिळू शकते. ती ३० महिन्यांची असते. अशा चार परवानग्या, म्हणजे दहा वर्षं, झाल्यावर कायम निवासाचा अर्ज. पाच वर्षांच्या मार्गावर काढलेली माझी आधीची वर्षं त्यामुळे मागे पडली. ते दुःख मोठं होतं, पण मुलाजवळ राहता येणं त्याहून मोठं होतं.

दहा वर्षांच्या मार्गाला इंग्रजीची परीक्षा आणि उत्पन्नाची अट लागत नाही. फॉर्म एफएलआर एफपी. पाच वर्षांच्या मार्गाचा फॉर्म वेगळा, एफएलआर एम.

आणखी एक फाटा. मुलाचा दुसरा पालक तुमचा जोडीदार म्हणून तुमच्यासोबतच राहत असेल, तर हा पालकांचा मार्ग तुमचा नाही. जोडीदाराचा मार्ग बघायचा. आणि घरात मारहाण, कोंडणं, पैसे अडवणं यामुळे संसार मोडला असेल व तुम्ही जोडीदाराच्या व्हिसावर असाल, तर घरगुती अत्याचार झालेल्यांसाठी थेट कायम निवासाचा स्वतंत्र मार्ग आहे. तो आधी विचारून घ्या. ०८०८ २००० २४७ ही इंग्लंडमधली मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते. माझ्या ओळखीतल्या दोघींना या मार्गाबद्दल कळलं तेव्हा पालक म्हणून अर्ज आधीच गेला होता.

या दिवसांत काय करू नये

माझ्या मावशीने फोनवर सांगितलं, “एकदा सांगलीला येऊन जा, नवीन व्हिसा काढू.” मायेने सांगितलं होतं, पण ऐकलं असतं तर फसले असते. मुदतीनंतर ३० दिवसांहून जास्त राहून देश सोडला, तर पुढच्या बऱ्याचशा अर्जांवर बंदी येऊ शकते. स्वखर्चाने गेलात तर साधारण एक वर्ष, इतर परिस्थितीत दहा वर्षांपर्यंत. कुटुंबाच्या व्हिसाचे नियम यात वेगळे आहेत, पण बाहेरून अर्ज करून निकाल येईस्तोवर मूल इथे आणि आई तिथे. त्यातून अर्जाचा निर्णय बाकी असताना देशाबाहेर पडलं की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. माझे वडील त्या हिवाळ्यात आयसीयूत होते. मी गेले नाही. तो निर्णय कोणी दुसऱ्याने माझ्यासाठी घ्यावा असं मला वाटलं नसतं आणि मीही तुमच्यासाठी घेणार नाही. फक्त जाण्याचा अर्थ काय होतो ते माहीत असू द्या.

काम थांबवा. ३सी नसेल तर कामाचा हक्क नाही आणि मालकाला पकडलं तर एका कामगारामागे ६०,००० पौंडांपर्यंत दंड होतो. एचआरला मी खरं सांगितलं. नोकरी गेली, पण त्यांनी दिलेलं चांगलं पत्र पुढे कामाला आलं. रोख पैशांवर लपून काम केलेलं पुढे उघड झालं, तर मुदत उलटण्यापेक्षा ते जड जातं.

आणि “बॅकडेट करून देतो”, “खोटं भाडेपत्र लावू” म्हणणाऱ्या माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. उशीर माफ होऊ शकतो, फसवणूक होत नाही.

मुलाची फाइल

आता खरं काम. मी जाडजूड फाइल घेतली आणि वर मुलाचं नाव लिहिलं, माझं नाही. त्याने विचारांची दिशाच बदलली.

पाया असा : मुलाचा पूर्ण जन्मदाखला, ज्यात आईवडील दोघांची नावं असतात, त्याचा ब्रिटिश पासपोर्ट. मूल ब्रिटिश नसेल तर ७ वर्षांचा सलग पुरावा, म्हणजे नर्सरीपासूनची पत्रं, जीपीकडच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडच्या, नोंदी, लसीकरणाचं लाल पुस्तक. तुमचे जुने-नवे सगळे पासपोर्ट. भारतीय पासपोर्ट संपत आला असेल तर त्याचं नूतनीकरणही आताच सुरू करा.

मग पालकत्वाचं स्वरूप. नियम तीन गोष्टींपैकी एक मागतात : मुलाची संपूर्ण जबाबदारी एकट्या तुमच्यावर आहे, किंवा मूल मुख्यतः तुमच्याजवळ राहतं, किंवा ते दुसऱ्या पालकाकडे राहत असून तुम्हाला प्रत्यक्ष भेटण्याचा हक्क आहे. तिसऱ्या परिस्थितीत कौटुंबिक न्यायालयाचा चाइल्ड अरेंजमेंट्स ऑर्डर (मूल कोणाकडे राहील, कोणाला भेटेल याचा आदेश) किंवा दुसऱ्या पालकाचं सहीचं पत्र सगळ्यात वजनदार. नुसत्या व्हिडिओ कॉलवर भागत नाही. वडील असाल तर लक्षात असू द्या, की इंग्लंड-वेल्समध्ये १ डिसेंबर २००३ नंतर जन्मदाखल्यावर नाव असलेल्या वडिलांना लग्न नसतानाही पालकत्वाची कायदेशीर जबाबदारी मिळते. पण अर्जाला ती पुरेशी नाही, प्रत्यक्ष सहभाग दाखवावा लागतो.

हा सहभाग दाखवण्यातच बहुतेकांचे अर्ज लंगडे पडतात. मी शाळेच्या ऑफिसात गेले, पत्र मागितलं. दोन ओळी मिळाल्या : अमुक मुलगा आमच्या शाळेत आहे, आई संपर्कात आहे. सल्लागार बाई म्हणाल्या, याने काही सिद्ध होत नाही. मग मी एक छोटी यादी करून पुन्हा गेले. मूल कोणत्या तारखेपासून शाळेत आहे, नोंदीतला पत्ता कोणता, आपत्कालीन संपर्कात पहिलं नाव कोणाचं, सोडायला-आणायला कोण येतं, पॅरेंट्स ईव्हनिंगला कोण बसतं, आजारी पडल्यावर फोन कोणाला जातो. शाळेने आनंदाने दीड पानी पत्र दिलं. लोक मदत करतात, फक्त काय हवं ते त्यांना सांगावं लागतं.

जीपीकडूनही तसंच : मुलासोबत तपासणीला कोण येतं. दंतवैद्य, चष्म्याचं दुकान, पोहण्याच्या वर्गाच्या फीचे माझ्या खात्यातून गेलेले पैसे, ब्रेकफास्ट क्लबची बिलं. प्राथमिक शाळेत मुलांना रीडिंग रेकॉर्डची वही असते, त्यात रोज घरी वाचलं की पालक सही करतात. माझ्याकडे तीन वर्षांच्या वह्या होत्या, प्रत्येक पानावर माझी सही आणि तारीख. त्या वह्यांचे निवडक फोटो मी लावले. रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं सोफ्यावर वाचायचो, त्याचा इतका सलग पुरावा दुसऱ्या कुठल्याही कागदात नव्हता.

राहत्या पत्त्यासाठी कौन्सिल टॅक्स, भाडेकरार, वीजबिल. एकाच महिन्याचे दहा कागद देण्यापेक्षा दर काही महिन्यांचा एक, असे सगळ्या काळावर पसरलेले द्या. फोटो पंधरा-वीस पुरे, मागे तारीख आणि प्रसंग. मुलाकडून रडवेलं पत्र लिहून घेऊ नका. मी घेतलं नाही आणि आजही मला ते योग्य वाटतं. आईला घालवतील ही भीती आठ वर्षांच्या डोक्यात घालायची नसते.

महाराष्ट्रातले कागद, म्हणजे मराठी विवाह नोंदणी दाखला किंवा तिकडच्या कौटुंबिक न्यायालयाचा निकाल असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा.

“मूल भारतात का जाऊ शकत नाही?”

हा प्रश्न अर्जात सरळ उभा असतो आणि उत्तर देताना माणूस अडखळतो. मला एका एजंटने सुचवलं, की मुलाला मराठीचा गंधही नाही असं लिहा. माझा मुलगा घरी माझ्याशी मराठीच बोलतो, रविवारी मराठी शाळेत जातो, आजीला फोनवर गणपतीची आरती म्हणून दाखवतो. हे लपवून मी काय मिळवलं असतं? मी सगळं खरं लिहिलं : त्याला मराठी बोलता येतं, वाचायला अडखळतो, भारतात तो दोनदा, एकूण सात आठवडे राहिला आहे, त्याचे वडील इथे आहेत आणि एक शनिवार सोडून एक शनिवार तो त्यांच्याकडे असतो, त्याला ऐकण्याचा त्रास आहे आणि शाळेत त्यासाठी आधार मिळतो. ज्यावर त्याचं जगणं उभं आहे ते इथे आहे, एवढं स्पष्ट झालं की पुरे.

कायद्याचा आधार असा : २००९ च्या कायद्याचं कलम ५५ होम ऑफिसला मुलाचं हित लक्षात घ्यायला बांधून घालतं. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने केओ (नायजेरिया) प्रकरणात सांगितलं, की मुलाने देश सोडणं वाजवी आहे का हे ठरवताना पालकाची चूक मुलाच्या माथी मारायची नाही. पण त्याच निकालात असंही आहे, की पालकाला इथे राहण्याचा हक्क नाही ही वस्तुस्थिती संदर्भ म्हणून पाहिली जाते. म्हणून “मूल ब्रिटिश आहे” एवढ्यावर थांबू नका.

उशिराचं पत्र

एक पान. तारखा क्रमाने. कधी संपली, कधी कळलं, कळल्यावर त्याच आठवड्यात काय केलं. माझ्या पत्रात खात्याचा ईमेल बदलल्याची नोंद, एचआरचा मेल आणि सल्लागाराच्या पहिल्या भेटीची पावती होती. दोष कोणावर ढकलला नाही, रडगाणं नाही. चूक कळल्यावर हालचाल किती लवकर झाली, ते तारखांवरून दिसतं.

पैसे

एप्रिल २०२५ मध्ये शुल्क १,३२१ पौंड होतं. त्यावर आरोग्य अधिभार, तेव्हा प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे अडीच वर्षांचे २,५८७.५० पौंड. एकूण ३,९०८.५० पौंड झाले. शुल्क बहुधा एप्रिलमध्ये बदलतं, भरण्याच्या दिवशीचा आकडा सरकारी संकेतस्थळावर बघा.

एवढे पैसे नसतील तर फी वेव्हरचा, म्हणजे शुल्कमाफीचा, वेगळा ऑनलाइन अर्ज आधी करायचा. शुल्क भरल्यावर घर चालणार नाही किंवा मुलाच्या गरजा भागणार नाहीत, हे दाखवावं लागतं. सगळ्या खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंट्स द्या, एकही खातं लपवू नका. माझ्या खात्यात एकदम १,२०० पौंड आलेले दिसत होते. ते भिशीचे होते. बायकांनी माझा नंबर पुढे घेतला होता. भिशी म्हणजे काय, दर महिन्याला मी किती भरते, हे पैसे पुढे फेडायचे आहेत, असं एक पत्र आणि सगळ्यांच्या हप्त्यांची वही मी जोडली. आईवडिलांना पाठवलेल्या पैशांचंही असंच स्पष्टीकरण द्या. वेव्हर मंजूर झाल्यावर १० कामाच्या दिवसांत मुख्य अर्ज पाठवावा लागतो, म्हणून फाइल तोवर तयार हवी. मुदत अजून शिल्लक असताना वेव्हर मागितला आणि या दहा दिवसांत अर्ज गेला, तर अर्जाची तारीख वेव्हर मागितल्याची धरली जाते.

एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं, ५०० पौंड किंवा जास्त बिल थकलेलं असेल तर तेही नकाराचं कारण होऊ शकतं. हप्ते बांधून घ्या आणि ते पत्र जोडा.

अर्ज पाठवल्यावर

ऑनलाइन फॉर्म, मग कागद स्कॅन करून अपलोड, मग बायोमेट्रिक केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो. फायलींना नावं नीट द्या : “शाळेचं पत्र, मे”, “जीपी, जून”, अशा अर्थाची, इंग्रजीत. चारशे पानं एकाच पीडीएफमध्ये कोंबली तर वाचणाऱ्याला हवं ते सापडत नाही.

दहा वर्षांच्या मार्गाच्या निर्णयाला वर्ष लागू शकतं. या काळात मुलाची शाळा चालू राहते, जीपी आणि अपघात विभाग मोफत असतात. रुग्णालयातले पुढचे उपचार मात्र बिलावर येऊ शकतात. घरात अन्नाची चणचण असेल तर स्थानिक कौन्सिलकडे चिल्ड्रन अॅक्ट १९८९ च्या कलम १७ खाली मुलासाठी मदत मागता येते. कौन्सिल तुमची स्थिती होम ऑफिसला कळवते, तेव्हा अर्ज आधीच गेलेला असलेला बरा. पत्ता बदलला, फोन बदलला, मुलाची शाळा बदलली, की लगेच कळवा.

नकार आला तर पत्रातच अपिलाचा हक्क लिहिलेला असतो. मानवी हक्कांच्या आधारावरच्या अपिलाला देशात असताना सहसा १४ दिवस मिळतात. पत्र उघडल्याच्या दिवशीच सल्लागाराला फोन करा, शोक नंतर.

मंजुरी आली तर आधी ई-व्हिसा उघडून नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, शेवटची तारीख आणि अटी वाचा. सार्वजनिक निधी न घेण्याची अट असेल आणि घर चालत नसेल, तर ती काढण्यासाठी चेंज ऑफ कंडिशन्सचा मोफत अर्ज आहे. इथे जन्मलेलं मूल ब्रिटिश नसेल आणि पहिली दहा वर्षं इथेच राहिलं असेल, तर त्याची नागरिकत्व नोंदणीही आता विचारात घ्या. त्याने त्याचं भारतीय नागरिकत्व जातं, म्हणून पाठोपाठ ओसीआयचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीच्या कार्डाचं, बघा.

पुढचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या २८ दिवसांत करायचा. माझी नवी तारीख अडीच वर्षांनंतरची, तेवढ्या पुढचं कालनिर्णय अजून छापलेलंही नाही. म्हणून ती यंदाच्या कालनिर्णयाच्या शेवटच्या पानावर लाल पेनाने लिहिली आहे, शेजारी २८ दिवस आधीची तारीखही. दर दिवाळीत नवं कालनिर्णय सांगलीहून येतं, तेव्हा त्यावर आधी या दोन तारखा उतरवते आणि मगच ते भिंतीवर लावते.